बायबलमधला न्याय आणि दया: कठीण उतारे वाचण्याची एक रीत

योना आणि नहूम ही जुन्या करारातली दोन छोटी पुस्तकं एकाच शहराविषयी आहेत: अश्शूरचं निनवे. दोन्हींत देवाविषयीचं एकच जुनं वाक्य येतं. योना, निनवेला इशारा द्यायला पाठवलेला पण आधी पळून गेलेला संदेष्टा, ते चिडून म्हणतो. तू कृपाळू, दयाळू, मंदक्रोध आहेस हे मला आधीच ठाऊक होतं, म्हणून तर मी पळालो (योना ४:२). निनवे वाचलं हे त्याला सहनच होत नाही. नहूम तोच 'मंदक्रोध' शब्द घेतो आणि लगेच जोडतो की देव अपराध्याला मोकळा सोडणार नाही (नहूम १:३). त्याच्या शेवटच्या ओवीत निनवेच्या पाडावाची बातमी ऐकणारे सगळे टाळ्या वाजवतात. ते शहर इ.स.पू. ६१२ मध्ये खरोखर पडलं.

दोघांतलं खरं कोण, असा प्रश्न मला बरीच वर्षं पडायचा. पण ज्यांनी हे ग्रंथ जपले त्यांनी दोन्ही पुस्तकं एकाच गुंडाळीत, मध्ये फक्त मीखाचं पुस्तक ठेवून, शेजारीशेजारी ठेवली. एकाला गप्प करून दुसऱ्याला बोलू द्यावं असं त्यांना वाटलं नाही. खाली दिलेली रीत त्याच धर्तीची आहे. एक वही घ्या, शक्य असेल तर दोन वेगवेगळी भाषांतरं घ्या, आणि घाई करू नका. एका उताऱ्याला एक आठवडा लागला तरी हरकत नाही.

आधी एक वाक्य पाठ करा

निर्गम ३४:६-७. संपूर्ण बायबल न्याय आणि दया यांविषयी जेव्हा जेव्हा बोलतं, तेव्हा बहुतेक वेळा या दोन ओव्यांशीच बोलत असतं. प्रसंग लक्षात ठेवा: लोकांनी सोन्याचं वासरू केलं आहे, मोशेने दगडी पाट्या फोडल्या आहेत, करार मोडल्यातच जमा आहे. अशा वेळी देव मोशेपुढे आपलं नाव उच्चारतो. दयाळू, कृपाळू, मंदक्रोध, दया आणि सत्य यांनी भरलेला, हजारोंवर दया करणारा, अपराधांची क्षमा करणारा. आणि त्याच दमात, दोषीला निर्दोष न ठरवणारा, वडिलांच्या दुष्टाईचा समाचार तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत घेणारा.

'मंदक्रोध' या जागी हिब्रूत शब्दशः 'लांब नाकाचा' असं आहे. राग आला की नाकपुड्या फुलतात, श्वास गरम होतो. नाक लांब असेल तर तो तापायला वेळ लागतो. मला हा शब्दप्रयोग फार आवडतो, कारण त्यात राग नाकारलेला नाही. तो उशिरा येतो, एवढंच.

आता आकडे पाहा. एका बाजूला हजारो, दुसऱ्या बाजूला तीन-चार. अनुवाद ७:९ तर हजार पिढ्या असंच म्हणतं. दोन्ही पारडी सारखी नाहीत, आणि ही असमानता मुद्दाम आहे.

तरीही मुलानातवंडांचा समाचार हा भाग घशात अडकतो. तो बायबलच्याही घशात अडकला होता. मुलांच्या पापासाठी बापाला किंवा बापाच्या पापासाठी मुलांना ठार मारू नये, असा न्यायालयीन नियम अनुवाद २४:१६ मध्ये आहे आणि अमस्या राजाने तो पाळल्याची नोंद २ राजे १४:६ मध्ये आहे. यहेज्केल तर बाबेलातल्या बंदिवासात बसून अख्खा अठरावा अध्याय यावर खर्च करतो. बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले, ही म्हण यापुढे बंद, असं तो सांगतो. म्हणजे हा प्रश्न विचारणारे तुम्ही पहिले नाही.

वहीत एक काम करा. निर्गम ३४:६-७, गणना १४:१८, योएल २:१३, योना ४:२, नहूम १:३ आणि स्तोत्र १०३:८-१० एकाखाली एक लिहा. कोण कुठे थांबतो ते पाहा. योएल आणि योना शिक्षेचा उत्तरार्ध गाळतात आणि त्या जागी 'अरिष्ट आणण्याविषयी अनुताप पावणारा' असं घालतात. नहूम उत्तरार्ध ठेवतो. जुनं वाक्य तेच, ऐकणारे वेगळे. हा एक तक्ता केलात तरी अर्धी गाठ सैल होते.

शब्दांची झडती

मराठीत 'न्याय' हा शब्द दोन तोंडांनी बोलतो. आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या माणसाला न्यायाची भीती वाटते. ज्याची जमीन बळकावली गेली आहे तो 'मला न्याय द्या' म्हणून हात जोडतो. शब्द एकच, उभं राहायची जागा निराळी. हिब्रूतल्या 'मिश्पात'चंही तसंच आहे. ज्या पुस्तकाला आपण 'शास्ते' म्हणतो त्यातले शास्ते हे प्रामुख्याने लोकांना जुलमातून सोडवणारे पुढारी आहेत. शिक्षा ठोठावत बसणारे न्यायाधीश अशी त्यांची प्रतिमा पुस्तकात फारशी नाही. म्हणूनच स्तोत्र ९८ मध्ये देव न्याय करायला येतोय हे कळल्यावर नद्या टाळ्या वाजवतात. नद्यांनी का घाबरावं?

'दया' या शब्दामागे किमान दोन हिब्रू शब्द दडलेले असतात. 'रहमीम' हा गर्भाशयाच्या शब्दाशी नातं सांगणारा, आईच्या पोटातून उमाळा यावा तसा. 'हेसेद' म्हणजे नात्याला जागणं, दिलेला शब्द न टाकणं. स्तोत्र १३६ मध्ये 'त्याची दया सनातन आहे' हे पालुपद सव्वीस ओव्यांत सव्वीस वेळा येतं आणि तिथे मूळ शब्द हेसेद आहे. दहावी ओवी वाचा: मिसरातले प्रथमजात मारले, कारण त्याची दया सनातन आहे. दया म्हणजे केवळ मऊपणा असं धरलं तर ही ओवी भयंकर वाटते. गुलामांना दिलेला शब्द पाळणं असं धरलं तर ती निदान समजते. मिसरी आईच्या बाजूने मात्र ती तरीही जड आहे, आणि ते जडपण झटकून टाकू नये असं मला वाटतं.

'कोप' हा तिसरा शब्द. येशूचा प्रेषित पौल रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात देवाचा कोप प्रकट होतो म्हणतो आणि वाचक वीज पडायची वाट पाहतो. वीज पडत नाही. तीनदा (१:२४, २६, २८) एकच क्रिया येते: देवाने त्यांना त्यांच्या इच्छेच्या हाती सोपवून दिलं. बायबलमधला कोप पुष्कळदा असा, अडवणारा हात काढून घेण्याचा असतो. नेहमीच नाही, पण पुढचा उतारा वाचताना 'इथे देव करतोय की होऊ देतोय?' हे जरूर विचारा.

आक्रोश कुणाचा आहे ते शोधा

माझ्या मते ही सगळ्यांत महत्त्वाची पायरी. शिक्षेचा उतारा आला की मागे जा आणि त्याआधी कोण ओरडलं ते पाहा. भावाने मारलेल्या हाबेलाचं रक्त जमिनीतून ओरडतं (उत्पत्ती ४:१०). सदोम या दुष्ट नगराविषयीचा आक्रोश देवापर्यंत पोहोचतो (उत्पत्ती १८:२०). इस्राएल वेठबिगारीत कण्हतं (निर्गम २:२३). याकोबाच्या पत्रात शेतमजुरांची बुडवलेली मजुरीच ओरडते (५:४).

निर्गम २२:२१-२७ हा उतारा तर पेन्सिल घेऊन वाचावा. विधवा-अनाथांना छळाल तर माझा कोप भडकेल, असं चोविसाव्या ओवीत आहे. पुढे गरिबाचं पांघरूण गहाण घेतलंत तर सूर्यास्तापूर्वी परत द्या, नाहीतर तो रात्री कशात झोपेल, असं सांगून देव म्हणतो: त्याने हाक मारली तर मी ऐकेन, कारण मी कृपाळू आहे. हा 'कृपाळू' निर्गम ३४ मधलाच शब्द. सावकाराला जो इशारा आहे तोच पांघरूण गमावलेल्याला दिलासा आहे. न्याय आणि दया अशा दोन वेगळ्या खोल्या इथे नाहीतच.

आमच्या वाचनगटात एकदा एका बाईंनी विचारलं होतं, "दयाळू देव शिक्षा कशी करू शकतो?" त्यावर कोपऱ्यात बसलेली दुसरी एक जण, जी सहसा बोलत नसे, म्हणाली, "माझ्या बाबतीत जे झालं ते पाहूनही त्याने काहीच केलं नाही, तर तो दयाळू कसा?" त्या दिवशी पुढे फारसं वाचन झालं नाही. पण तेव्हापासून पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसरा प्रश्न ऐकल्याशिवाय मी देत नाही.

इशारा आहे की निकाल?

यिर्मया १८:७-१० हा संदेष्टे वाचण्याचा नियमच आहे. कुंभाराच्या घरातून निघून देव सांगतो की एखाद्या राष्ट्राला मी उपटून टाकीन म्हटलं आणि ते वळलं, तर मीही वळेन. आणि बांधीन म्हटलं नि ते बिघडलं, तर तेही बदलेन. 'जर' लिहिलेला नसला तरी तो असतो.

योनाचा निनवेतला संदेश हिब्रूत जेमतेम पाच शब्दांचा आहे: चाळीस दिवसांनी निनवे उलथून जाईल. त्यात पश्चात्तापाचा 'प'सुद्धा नाही. पण 'उलथणे' हे क्रियापद सदोमाच्या नाशासाठी येतं तसंच माणूस पालटण्यासाठीही येतं, आणि निनवे दुसऱ्या अर्थाने उलथलं. आमोसाच्या सातव्या अध्यायात तो मध्ये पडतो तेव्हा टोळांचं आणि अग्नीचं, असे दोन दृष्टांत मागे घेतले जातात. तिसरा, ओळंब्याचा, घेतला जात नाही. तेव्हा प्रत्येक धमकीला 'फक्त इशारा' म्हणून सोडून देऊ नये, हेही खरं.

अध्याय नको, पुस्तक वाचा

होशेयचा नववा अध्याय वाचून मिटलात तर देव कठोर. अकरावा तेवढाच वाचलात तर भाबडा. अकराव्याच्या आठव्या-नवव्या ओवीत 'एफ्राइमा (म्हणजे इस्राएला), मी तुला कसा सोडू?' असं म्हणत देवाचं मन पालटतं आणि कारण दिलं जातं: मी देव आहे, मनुष्य नाही. दया हे इथे त्याच्या देवपणाचं लक्षण आहे.

विलापगीताची रचना तर पाहण्यासारखी आहे. इ.स.पू. ५८६ मध्ये यरुशलेम बाबेलच्या हाती पडल्यानंतरची ही पाच गीतं. पहिली चार हिब्रू वर्णमालेच्या बावीस अक्षरांच्या क्रमाने बांधलेली, तिसरं तिप्पट म्हणजे सहासष्ट ओव्यांचं. आणि त्या मधल्या गीताच्या पोटात ते प्रसिद्ध शब्द येतात की त्याची दया रोज सकाळी नवी होते (३:२२-२३), आणि तो माणसाला मनापासून दुःख देत नाही (३:३३). भिंतीवर टांगायला लोक एवढंच घेतात. पण पुस्तक तिथे संपत नाही. पाचव्या गीतात वर्णक्रम मोडतो आणि शेवटची ओवी 'तू आम्हांला अगदीच टाकलंस का?' अशा सुरात विरते. दोन्ही वहीत उतरवा.

यहोशवाचं पुस्तक

इथे बहुतेक जण वाचन थांबवतात, म्हणून थोडं थांबू.

यहोशवाच्या हाताखाली इस्राएल कनान देश जिंकतं, ती ही कथा. यहोशवा १०-११ मध्ये नगरामागून नगर घेतलं जातं, श्वास घेणारं कुणी उरत नाही. हेब्रोन आणि दबीर पूर्ण नष्ट झाल्याचं दहाव्या अध्यायात आहे. मग पंधराव्या अध्यायात कालेब त्याच हेब्रोनातून लोकांना हाकलतोय आणि दबीर अजून जिंकायचं आहे. १३:१ म्हणतं पुष्कळ देश घ्यायचा राहिला. शास्ते १ मध्ये न हाकललेल्यांची यादीच आहे. लेखकाला हे दिसलं नसेल असं मानणं कठीण.

त्या काळच्या युद्धलेखांची भाषा अशीच असे. मिसरचा राजा मर्नेप्ताह याच्या सुमारे इ.स.पू. १२०८ च्या शिलालेखात इस्राएलाचं बीजच उरलं नाही असं कोरलं आहे. मवाबाचा राजा मेशा याचा इ.स.पू. नवव्या शतकातला शिलालेख १८६८ मध्ये सापडला. त्यातही इस्राएल कायमचा नाश पावल्याची बढाई आहे, आणि नगर आपल्या देवाला 'हेरेम' म्हणून, म्हणजे संपूर्ण नाशासाठी वाहून, अर्पण केल्याचा उल्लेखही. यहोशवात नेमका हाच शब्द आहे. दोन्ही लेखांनंतर इस्राएल होतंच.

अतिशयोक्ती म्हटलं की प्रश्न मिटला असं मात्र समजू नका. आकडा कमी होतो, प्रश्न तोच राहतो. त्यासोबत मजकुरातच असलेल्या आणखी काही गोष्टी ठेवा. उत्पत्ती १५:१६ मध्ये देव अब्राहामाला सांगतो की अमोऱ्यांचा अपराध अजून पुरा भरलेला नाही. त्यासाठी त्याच्याच वंशजांना चारशे वर्षं परक्या देशात काढायची आहेत. यरीहोच्या वेशीवर भेटलेल्या देवदूत सेनापतीला यहोशवा विचारतो, तू आमच्या बाजूचा की शत्रूच्या? उत्तर येतं: नाही (५:१४). इस्राएलच्या हेरांना लपवणारी कनानी राहाब वाचते आणि मत्तयाच्या पहिल्या अध्यायात येशूच्या वंशावळीत जाऊन बसते. हेरेमातली लूट चोरणारा इस्राएली आखान मरतो. आणि देश जसा त्यांना ओकतो तसा तुम्हांलाही ओकेल, हा लेवीय १८:२८ चा इशारा इ.स.पू. ७२२ मध्ये उत्तर राज्यावर आणि ५८६ मध्ये दक्षिणेवर उतरतो. म्हणजे तराजू एकच होता. एवढं सगळं मांडूनही यरीहोतल्या मुलांचा प्रश्न माझ्या वहीत उघडाच आहे. तो सुटला असं सांगणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही.

येशूला पळवाट करू नका

'जुन्या करारातला देव रागीट, नव्यातला प्रेमळ' ही वाटणी फार जुनी आहे. दुसऱ्या शतकात मार्कियोन नावाच्या माणसाने ती रोममध्ये मांडली, जुना करार टाकून दिला, आणि लूकचं काटछाट केलेलं शुभवर्तमान व पौलाची दहा पत्रं एवढंच ठेवलं. सन १४४ च्या सुमारास मंडळीने त्याला बाहेर काढलं. गंमत अशी, की शुभवर्तमानाला कात्री लावल्याशिवाय त्यालाही ही वाटणी जमली नाही.

येशू नासरेथच्या सभास्थानात यशया ६१ वाचतो आणि 'सूड घेण्याचा दिवस' या शब्दांआधी थांबतो (लूक ४:१९). शोमरोनी गावावर आग पाडू का, असं विचारणाऱ्या शिष्यांना तो दटावतो (लूक ९:५४-५५). पण शास्त्री-परूशी या धर्मपुढाऱ्यांवरचे मत्तय २३ चे 'हायहाय' त्याचेच आहेत, आणि यरुशलेमेचा नाश सांगताना रडणारे डोळेही (लूक १९:४१). क्षमा न करणाऱ्या चाकराचा दाखला पाहा, मत्तय १८. त्याचं स्वतःचं कर्ज दहा हजार तालांत, त्याच्या सोबत्याचं शंभर दिनार. एक तालांत साधारण सहा हजार दिनारांचा धरला तर फरक सहा लाख पट होतो. राजाचा कोप कर्ज बुडवल्याबद्दल भडकत नाही. मिळालेली माफी पुढे न दिल्याबद्दल भडकतो.

वधस्तंभाविषयी रोमकरांस ३:२५ मध्ये पौल जो ग्रीक शब्द वापरतो, 'हिलास्तेरियोन', तोच जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात कराराच्या कोशावरच्या (नियमाच्या पाट्या ठेवलेल्या पवित्र पेटीवरच्या) दयासनासाठी, म्हणजे तिच्या झाकणासाठी आहे. नियमाच्या पाट्या आत, दयासन वर, आणि रक्त तिथे शिंपडायचं. ख्रिस्ती परंपरांनी याचा उलगडा वेगवेगळ्या प्रकारे केला आहे. कोणताही पत्करा, पण 'रागीट बाप आणि मध्ये पडणारा प्रेमळ मुलगा' असं चित्र काढू नका. त्याच वाक्यात त्याला पुढे ठेवणारा देवच आहे.

एक उतारा करून पाहू: सदोम

उत्पत्ती १८-१९. आक्रोश आहे का? आहे. निकाल आधीच लागला आहे का? देव म्हणतो, मी खाली जाऊन पाहतो. अब्राहाम घासाघीस करतो: पन्नास, पंचेचाळीस, चाळीस, तीस, वीस, दहा. सहाही वेळा होकार मिळतो. थांबतो तो अब्राहाम, हे अनेकदा निसटतं. प्रत्यक्ष नाशाच्या पहाटे सदोमात राहणारा अब्राहामाचा पुतण्या लोट रेंगाळतो तेव्हा दूत त्याचा हात धरून त्याला ओढत बाहेर काढतात, आणि कारण लिहिलं आहे, परमेश्वराची त्याच्यावर दया (१९:१६).

आता पुढे कोण काय म्हणतं ते पाहा. यहेज्केल १६:४९ सदोमाचा दोष सांगतो: गर्व, पोटभर अन्न, निवांतपणा, आणि दीनदुबळ्याला हात न देणं. चारच ओव्यांनी, १६:५३ मध्ये, सदोमाचेही दिवस पालटतील असं येतं. येशू कफर्णहूमला सांगतो की न्यायाच्या दिवशी तुझ्यापेक्षा सदोमाला सोपं जाईल (मत्तय ११:२४). नाशाचं सगळ्यांत मोठं उदाहरण, आणि बायबल त्यावरही शेवटची रेघ ओढायला तयार नाही.

हे उदाहरण दुसऱ्याकडे बोट दाखवायला वापरावंसं वाटलं तर लूक १३:१-५ उघडा. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली. ते जास्त पापी होते का, याचं येशूने दिलेलं उत्तर 'नाही' असं आहे. ईयोबाच्या मित्रांनी आपत्तीचा हिशेब पापाशी जुळवला आणि देवाचा राग त्यांच्यावर झाला (ईयोब ४२:७). दुसऱ्याच्या दुःखावर न्यायाचा शिक्का मारायची परवानगी वाचकाला नाही.

वहीचं शेवटचं पान मोकळं ठेवा, न सुटलेल्यांसाठी. माझ्या पानावर सगळ्यांत वर उज्जा आहे, २ शमुवेल ६ मधला. बैल अडखळले, कोश पडू नये म्हणून त्याने हात लावला आणि तो जागीच मेला. कोश दांड्यांनी खांद्यावर न्यायचा असतो, गाडीवर नाही, हे सगळं मला ठाऊक आहे. तरीही. आठव्या ओवीत दावीदालाच राग येतो, मग भीती वाटते, आणि तो कोश घरी न नेता ओबेद-अदोमाकडे तीन महिने ठेवून देतो. त्या रागाबद्दल मजकूर त्याला एका शब्दाने बोलत नाही.